स्पॅनिशमधली ‘शिक्षा’ इंग्रजीत नेताना: आधी शिक्षा करणारा ओळखा, मग शब्द निवडा

स्पॅनिश शिकून भाषांतराच्या कामाला लागलेल्या आपल्याकडच्या मंडळींचे मसुदे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. व्याकरण चोख असतं, वाक्यं सफाईदार असतात, पण शिक्षेचा शब्द आला की अर्थ पार उलटतो. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या नावापुढे ‘सेन्टेन्स’ लागते. निवडणूक लढवायला बंदी झालेल्याचा मतदानाचा हक्क काढून घेतला जातो. अटक झालेल्याला शिक्षा झाली असं छापून येतं. कोर्टाचा कागद असेल तर अशा चुकीने एखाद्याचा व्हिसा किंवा नोकरी अडू शकते, म्हणून हा विषय सवडीने शिकण्यासारखा नाही.

शब्दसंग्रह तोकडा असतो म्हणून हे होत नाही. मराठीत आईची, मास्तरांची आणि न्यायाधीशांची, सगळ्यांचीच ‘शिक्षा’ असते. स्पॅनिश वाचताना मनात तो एक शब्द उमटतो आणि त्याच्यासाठी हाताशी असलेला पहिला इंग्रजी शब्द कागदावर उतरतो. खालच्या पायऱ्या ही सवय मोडण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. शब्दकोश पहिल्या पायरीत उघडायचाच नाही.

स्पॅनिश शब्द इथे लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

## तयारी: तीन उत्तरं कागदावर लिहा

मजकूर एकदा सलग वाचा आणि वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी टिपा.

१. शिक्षा कोण करतंय? आईबाप, शाळा, रेफरी, कंपनी, सरकारी खातं की न्यायालय?

२. देश कोणता? स्पेन, मेक्सिको, आर्जेन्टिना आणि चिली यांच्या दंडसंहिता वेगवेगळ्या आहेत. एकाच शब्दाचं वजन देशागणिक बदलतं.

३. इंग्रजी कोण वाचणार? लंडनचा वकील, अमेरिकी विद्यापीठ की भारतातलं कार्यालय? हा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात आणि सातव्या पायरीवर अडकतात.

इशारा: देश कळला नाही तर काम देणाऱ्याला विचारा. अंदाजाने पुढे जाऊ नका.

## पायरी १: कोर्टाबाहेरच्या शिक्षा वेगळ्या काढा

‘कास्तिगो’ हा सर्वात सैल शब्द आहे. घर, शाळा, देव, नशीब, कुणाचीही शिक्षा त्यात बसते. इंग्रजीत मात्र ठिकाणाप्रमाणे शब्द बदलावा लागतो. घरी मुलगी ‘कास्तिगादा’ असेल, म्हणजे तिला बाहेर जायला बंदी असेल, तर ती ‘ग्राउंडेड’. तीच शाळा सुटल्यावर वर्गात थांबवली असेल तर ‘इन डिटेन्शन’. दोन्हीकडे ‘पनिश्ड’ लिहिलं तर चूक होत नाही, पण वाचणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळत नाही.

शाळेच्या कागदांत एक मोठा सापळा आहे. ‘सुस्पेन्सो’ म्हणजे निलंबन नव्हे, स्पेनमध्ये त्याचा अर्थ नापास. शाळेने मुलाला काही दिवस घरी बसवलं असेल तर त्याला ‘एक्स्पुल्सिओन तेम्पोराल’ म्हणतात, आणि इंग्रजीत ते ‘सस्पेन्शन’ होतं. इथे ‘एक्सपल्शन’ लिहिलंत तर मुलाचं नावच शाळेतून काढल्यासारखं होतं.

‘आमोनेस्तासिओन’ कुठे आला आहे ते पाहा. फुटबॉलमध्ये ती पिवळ्या कार्डाची ‘बुकिंग’, कंपनीत ‘वॉर्निंग’, शाळेत ‘रेप्रिमान्ड’. चर्चच्या कागदात तर शिक्षाच नसते, लग्नाआधीची जाहीर घोषणा असते, तिला ‘बॅन्स’ म्हणतात. फुटबॉलच्या बातमीतली ‘पेना माक्सिमा’ ही फाशी किंवा जन्मठेप नसून पेनल्टी किक असते. मतदारांच्या ‘बोतो दे कास्तिगो’ला इंग्रजीत ‘प्रोटेस्ट व्होट’ म्हणतात. ‘एस्कार्मिएन्तो’ म्हणजे इतरांना जरब बसावी म्हणून घडवलेली अद्दल. तिथे ‘पनिशमेंट’ अपुरा पडतो, ‘मेक अ‍ॅन एक्झाम्पल ऑफ’ अशी क्रियापदाची रचना वापरा.

‘पेना’ला शिक्षेखेरीज दुःख हाही अर्थ आहे, आणि मेक्सिको, कोलंबिया या भागांत लाजही. कुणी ‘मे दा पेना’ म्हणालं तर तो शिक्षेबद्दल बोलत नाही.

तपासा: मजकुरात न्यायालय नसेल तर ‘सेन्टेन्स’, ‘कन्व्हिक्शन’ आणि ‘इम्प्रिझनमेंट’ हे तीन शब्द तुमच्या मसुद्यात कुठेही असता कामा नयेत.

## पायरी २: सरकारी खात्याची शिक्षा आणि कोर्टाची शिक्षा यांत रेघ मारा

‘पेना’ न्यायालय देतं, ‘सान्सिओन’ बहुधा प्रशासन देतं. स्पेनच्या राज्यघटनेचं २५ वं कलम सांगतं की नागरी प्रशासनाला स्वातंत्र्य हिरावणारी शिक्षा देता येत नाही. त्यामुळे स्पेनमधल्या वाहतुकीच्या, करांच्या किंवा बांधकामाच्या कागदात ‘सान्सिओन’ दिसली तर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह पेनल्टी’ लिहा आणि तुरुंगाचा वास येईल असं काहीही टाळा. मेक्सिकोत हा नियम लावू नका. तिथल्या राज्यघटनेच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रशासकीय नियमभंगासाठी ३६ तासांपर्यंत ‘आर्रेस्तो’, म्हणजे थोड्या मुदतीची कोठडी, होऊ शकतो.

क्रियापद ‘सान्सिओनार’ दोन तोंडांचं आहे. खेळाडूला ‘सान्सिओनार’ केलं तर त्याच्यावर बंदी येते. स्पेनचा राजा कायदा ‘सान्सिओनार’ करतो तेव्हा तो कायद्याला संमती देतो. इंग्रजी ‘सँक्शन’लाही हे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे तसाच ठेवला तर वाक्य संदिग्ध होतं. बंदी असेल तिथे ‘बॅन’ किंवा ‘पेनलाइझ’ लिहा, संमती असेल तिथे ‘असेन्ट’. आपल्याकडे कर्जही ‘सँक्शन’ होतं, म्हणून मराठी माणसाने इथे जास्त जपावं.

नोकरीतली ‘सुस्पेन्सिओन दे एम्प्लेओ इ सुएल्दो’ म्हणजे पगाराविना निलंबन. ‘सुएल्दो’ म्हणजे पगार. तो भाग गाळलात तर कामगाराच्या शिक्षेचा अर्धा भागच नाहीसा होतो.

## पायरी ३: निकालपत्र हाती आलं तर शेवटापासून सुरुवात करा

स्पॅनिश निकालपत्राचे भाग ठरलेले असतात: आधी पक्षकारांची आणि खटल्याची पार्श्वभूमी, मग सिद्ध झालेल्या गोष्टी, मग कायद्याचं विवेचन आणि शेवटी ‘फाय्यो’. शिक्षा तिथे असते. म्हणून ‘फाय्यो’चं भाषांतर आधी करा, त्यातल्या संज्ञा पक्क्या करा आणि मग वरचा भाग हाती घ्या. उलट गेलात तर पहिल्या पानावर एक शब्द आणि शेवटच्या पानावर दुसरा, असं होतं.

‘फाय्यो’ला बोलीभाषेत बिघाड, चूक असाही अर्थ आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात निकालपत्राच्या शेवटी मोठ्या अक्षरात ‘फेल्युअर’ छापलेलं सापडतं ते यामुळेच. इथे ‘रूलिंग’ किंवा ‘डिस्पोझिशन’ लिहा.

आता सर्वात महाग पडणारा शब्द. ‘सेन्तेन्सिया’ म्हणजे ‘सेन्टेन्स’ नाही, तो ‘जजमेंट’ आहे. दिवाणी दाव्याचीही ‘सेन्तेन्सिया’ असते आणि निर्दोष सुटकेचीही. ‘सेन्तेन्सिया आब्सोलुतोरिया’ म्हणजे ‘जजमेंट ऑफ अ‍ॅक्विटल’. ‘सेन्तेन्सिया फिर्मे’ म्हणजे ज्याच्यावर आता नेहमीचं अपील राहिलेलं नाही असा ‘फायनल जजमेंट’. आणि ‘एखेकुसिओन दे सेन्तेन्सिया’ म्हणजे निकालाची अंमलबजावणी, ‘एन्फोर्समेंट ऑफ जजमेंट’. ‘एक्झिक्यूशन’ हा शब्द दिसताच सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे फाशी येते, आणि कागद घरभाड्याच्या थकबाकीचा असू शकतो.

इशारा: संगणकावर ‘सेन्तेन्सिया’च्या जागी सरसकट एक शब्द बसवण्याची सोय वापरू नका. प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचा.

## पायरी ४: ‘कोन्देनार’चे दोन तुकडे करा

स्पेनच्या फौजदारी निकालात या ठशाचं वाक्य येतं: ‘देबो कोन्देनार इ कोन्देनो’, पुढे आरोपीचं नाव, मग ‘कोमो औतोर रेस्पोन्साब्ले दे उन देलितो दे उर्तो, आ ला पेना दे सेइस मेसेस दे प्रिसिओन’.

स्पॅनिश क्रियापद एकच आहे, पण त्यात दोन कामं आहेत: दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं. इंग्रजी कायद्याच्या भाषेत यांना वेगळी क्रियापदं लागतात. म्हणून वाक्य असं होतं: ‘आय कन्व्हिक्ट द डिफेन्डन्ट ऑफ थेफ्ट, अ‍ॅज प्रिन्सिपल, अँड सेन्टेन्स हिम टू सिक्स मन्थ्स’ इम्प्रिझनमेंट.’ नुसतं ‘कन्डेम’ लिहिलं की मध्ययुगातलं वाटतं. ‘कन्डेम’ राखून ठेवा निषेधासाठी, जसं सरकार एखाद्या हल्ल्याचा निषेध करतं तेव्हा स्पॅनिशमध्येही ‘कोन्देनार’च येतं.

याच वाक्यात ‘औतोर’ लपला आहे. तो लेखक नाही. गुन्हा प्रत्यक्ष करणारा तो ‘औतोर’. इंग्रजीत ‘प्रिन्सिपल’ किंवा ‘पर्पेट्रेटर’. कोर्टाच्या कागदात चोरीचा ‘ऑथर’ वाचायला मिळतो तेव्हा भाषांतरकार वाक्याचा अर्थ न लावता शब्द बदलत गेला हे लगेच कळतं.

दिवाणी निकालात ‘कोन्देनार’ म्हणजे नुसता आदेश. ‘कोन्देनादो आ पागार’ हा माणूस गुन्हेगार नाही, त्याला पैसे भरायला सांगितलं आहे: ‘ऑर्डर्ड टू पे’. ‘कोन्देना एन कोस्तास’ म्हणजे दाव्याचा खर्च भरण्याचा आदेश. इथे ‘कन्व्हिक्टेड’ लिहिणं ही या सगळ्या लेखातली सर्वात घातक चूक, कारण व्हिसा देणारा अधिकारी मूळ स्पॅनिश वाचायला जात नाही.

तपासा: मसुद्यात जिथे जिथे ‘कन्व्हिक्ट’ आहे तिथे जवळपास एखाद्या गुन्ह्याचं नाव आहे का? नसेल तर मुळाकडे परत जा.

## पायरी ५: कोठडी आणि कैद काळाच्या क्रमाने लावा

माणूस पकडला जातो, खटल्याआधी आत राहतो, मग शिक्षा भोगतो. तीन टप्पे, तीन वेगळे शब्द.

‘देतेन्सिओन’ म्हणजे अटक, इंग्रजीत ‘अ‍ॅरेस्ट’, आणि त्यानंतरची पोलिसांच्या ताब्यातली वेळ. स्पेनमध्ये राज्यघटनेनुसार ती जास्तीत जास्त ७२ तास. ‘आर्रेस्तो’ मात्र अनेकदा लहान मुदतीची शिक्षा असते, लष्करी किंवा वर सांगितलेली मेक्सिकोतली. म्हणजे इंग्रजीसारखे दिसणारे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत. ‘एस्ता देतेनिदो’ म्हणजे ‘ही इज अंडर अ‍ॅरेस्ट’.

‘प्रिसिओन प्रोविसिओनाल’ (लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘प्रेबेन्तिबा’) ही शिक्षाच नाही. आपल्याकडच्या न्यायालयीन कोठडीशी तिची तुलना करा म्हणजे जागा कळेल. अमेरिकी वाचकाला ‘प्रीट्रायल डिटेन्शन’, ब्रिटिश वाचकाला ‘रिमांड इन कस्टडी’. आपला ‘अंडरट्रायल’ हा भारतीय इंग्रजीचा शब्द आहे. बाहेरच्या वाचकाला तो अडखळवतो.

शिक्षेची कैद लिहिताना ‘रिगरस’ किंवा ‘सिम्पल’ ही विशेषणं आपल्या सवयीने चिकटवू नका. सक्तमजुरी आणि साधी कैद हा फरक भारतीय कायद्याचा आहे. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेत ‘प्रिसिओन’ एकच. चिलीत मात्र असा फरक खरोखर आहे: तिथल्या दंडसंहितेच्या ३२ व्या कलमाप्रमाणे ‘प्रेसिदिओ’त काम करणं बंधनकारक असतं, ‘रेक्लुसिओन’ आणि ‘प्रिसिओन’मध्ये नसतं. अशा वेळी मूळ शब्द तिरप्या अक्षरात ठेवून शेजारी इंग्रजीत एका ओळीत खुलासा द्यावा. तिन्हींना ‘इम्प्रिझनमेंट’ म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

‘कादेना पेर्पेतुआ’ म्हणजे जन्मठेप. पण स्पेनमध्ये २०१५ साली आली ती ‘प्रिसिओन पेर्मानेन्ते रेबिसाब्ले’. ठरावीक वर्षांनंतर तिचा फेरविचार होतो, म्हणून ‘लाइफ इम्प्रिझनमेंट, सब्जेक्ट टू रिव्ह्यू’ असं पूर्ण लिहा.

मुदतीत ‘इ उन दिया’, म्हणजे ‘आणि एक दिवस’, दिसलं तर गाळू नका. तो एक दिवस शिक्षेची श्रेणी ठरवतो. तीन वर्षं आणि एक दिवस ही शिक्षा तीन वर्षांची नाही.

## पायरी ६: दंडाची रक्कम स्वतः मोजा

स्पेनच्या निकालात असं येतं: ‘मुल्ता दे सेइस मेसेस कोन उना कुओता दिआरिया दे सेइस एउरोस’. यावरून ‘अ फाइन फॉर सिक्स मन्थ्स’ लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. ही दिवसांत मोजलेली दंडपद्धत आहे. गुन्ह्याच्या गांभीर्यावरून दिवस ठरतात आणि माणसाच्या ऐपतीवरून रोजची रक्कम. व्यक्तीसाठी ती २ ते ४०० युरोंच्या दरम्यान असते. दंडाचा महिना नेहमी ३० दिवसांचा धरतात. म्हणजे १८० दिवस गुणिले ६ युरो, एकूण १,०८० युरो.

इंग्रजीत ‘डे-फाइन’ हा शब्द वापरा, दिवस आणि रोजची रक्कम दोन्ही द्या. एकूण आकडा मुळात नसेल तर तो मजकुरात घुसवू नका, भाषांतरकाराची टीप म्हणून खाली द्या. पुढच्या ओळीत दंड न भरल्यास काय, तेही असतं: न भरलेल्या दर दोन दिवसांच्या रकमेमागे एक दिवस स्वातंत्र्य जाणं. याला ‘रेस्पोन्साबिलिदाद पेर्सोनाल सुब्सिदिआरिया’ म्हणतात. शब्दाला शब्द ठेवून ‘सब्सिडिअरी पर्सनल लायबिलिटी’ लिहिलं तर वाचकाला वाटतं हा पैशाचाच विषय आहे. ‘कस्टडी इन डिफॉल्ट ऑफ पेमेंट’ म्हणा.

‘इन्देम्निसासिओन’ ही शिक्षा नाही, पीडिताची भरपाई आहे. दंडाच्या बेरजेत ती धरू नका.

## पायरी ७: मुख्य शिक्षेला जोडून येणारं आणि बाहेर सोडणारं

कैदेच्या ओळीनंतर बहुतेक वेळा ‘इनाबिलितासिओन एस्पेसिआल पारा एल देरेचो दे सुफ्राखिओ पासिबो’ असं लांबलचक काहीतरी येतं. थकलेला भाषांतरकार इथे ‘लॉस ऑफ द राइट टू व्होट’ लिहितो. ते चूक आहे. ‘पासिबो’ म्हणजे निवडून येण्याचा हक्क. शिक्षा आहे निवडणूक लढवण्याला बंदी: ‘डिसक्वालिफिकेशन फ्रॉम स्टँडिंग फॉर पब्लिक ऑफिस’. मत देण्याचा हक्क शाबूत असतो.

समाजसेवेच्या शिक्षेला आता आपल्याकडेही जागा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती आली. त्यामुळे ‘त्राबाखोस एन बेनेफिसिओ दे ला कोमुनिदाद’ला ‘कम्युनिटी सर्व्हिस’ लिहिलं की सगळीकडे समजतं.

सुटकेच्या शब्दांवर मात्र थांबा. मराठी वाचक इथे हमखास चुकतो, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातलं आहे. आपल्या वर्तमानपत्रांतला ‘पॅरोल’ म्हणजे कैद्याची तात्पुरती रजा, अभिवचन रजा. फर्लो म्हणजे संचित रजा. माणूस रजा संपली की तुरुंगात परततो. स्पेनमध्ये या रजेला ‘पेर्मिसो दे सालिदा’ म्हणतात. साधी रजा एका वेळी सात दिवसांपर्यंत, वर्षाला एकूण ३६ किंवा ४८ दिवस, कैदी कोणत्या श्रेणीत आहे त्यावर. इंग्रजीत ती ‘टेम्पररी रिलीज’ किंवा ‘प्रिझन लीव्ह’.

‘लिबेर्ताद कोन्दिसिओनाल’ वेगळी. शिक्षेचा मोठा भाग, स्पेनमध्ये सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश, भोगून झाल्यावर उरलेला काळ अटींवर बाहेर काढणं म्हणजे ती. अमेरिकी इंग्रजीत हाच ‘पॅरोल’, ब्रिटिश इंग्रजीत ‘रिलीज ऑन लायसन्स’. भारतीय वाचकासाठी लिहिताना ‘कन्डिशनल रिलीज’ ठेवा, नाहीतर तो रजा समजेल. तयारीतला तिसरा प्रश्न याच्यासाठीच होता.

‘लिबेर्ताद प्रोविसिओनाल’ खटल्याआधीची असते. जामिनाची रक्कम, म्हणजे ‘फिआन्सा’, असेल तर ‘बेल’. ‘सुस्पेन्सिओन दे ला एखेकुसिओन दे ला पेना’ म्हणजे ‘सस्पेन्डेड सेन्टेन्स’. आर्जेन्टिनाच्या बातमीत ‘एन सुस्पेन्सो’ आणि ‘दे कुम्प्लिमिएन्तो एफेक्तिबो’ ही जोडी पाहा. पहिल्यात माणूस घरी जातो, दुसऱ्यात तुरुंगात. आर्जेन्टिनाच्या कोर्टात ‘प्रोबेशन’ हा इंग्रजी शब्दही ऐकू येतो, पण तिथे त्याचा अर्थ खटलाच अटींवर थांबवणं. दोषसिद्धी झालेलीच नसते. तो इंग्रजीत तसाच ठेवला तर वाचक माणसाला दोषी धरतो. ‘सस्पेन्शन ऑफ ट्रायल’ लिहा.

तपासा: सुटकेच्या प्रत्येक शब्दाशेजारी विचारा: हे खटल्याआधी, निकालाबरोबर की शिक्षा चालू असताना?

## पायरी ८: कागद जुना असेल तर

इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या जुन्या चर्च-न्यायालयांचे, कागद आले तर वरचे बरेच नियम बाजूला ठेवावे लागतात. ‘रेलाखादो’ म्हणजे सैल सोडलेला नव्हे. त्याला मृत्युदंडासाठी राजसत्तेच्या हवाली केलेलं असतं, इंग्रजीत ‘रिलॅक्स्ड टू द सेक्युलर आर्म’ आणि सोबत खुलासा. ‘रेकोन्सिलिआदो’ म्हणजे समेट होऊन घरी गेलेला नव्हे. त्याने जाहीरपणे पाखंड नाकारलेलं असतं आणि शिक्षा भोगलेली असते, बहुधा अंगावर ‘सान्बेनितो’ हा शिक्षेचा झगा घालून. गोव्यात १५६० पासून चाललेल्या इन्क्विझिशनचे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, पण हीच शब्दांची कुळं तिथे भेटतात. अशा शिक्षा जाहीर करण्याच्या सार्वजनिक सोहळ्यासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘ऑटो-दा-फे’ हा पोर्तुगीज वळणाचा आहे, म्हणून स्पॅनिश मजकुरातल्या ‘औतो दे फे’लाही इंग्रजीत सहसा तोच वापरतात.

## पायरी ९: स्पॅनिश झाकून वाचा

आता मूळ बाजूला ठेवा आणि फक्त इंग्रजी वाचा. कुणी शिक्षा केली, कोणत्या कृत्यासाठी, किती, कधीपासून आणि न पाळल्यास काय, ही पाचही उत्तरं इंग्रजीतून मिळायला हवीत. एकही अडलं तर त्या ओळीपुरतं स्पॅनिश उघडा.

त्यानंतर मसुद्यात ‘सेन्टेन्स’, ‘कन्व्हिक्ट’, ‘सँक्शन’, ‘पॅरोल’, ‘एक्झिक्यूशन’ आणि ‘अ‍ॅरेस्ट’ हे सहा शब्द शोधा आणि प्रत्येक जागा मुळाशी ताडून पाहा. आकडे सर्वात शेवटी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून: एकाने स्पॅनिशमधले वर्षं, महिने, दिवस आणि युरो मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने इंग्रजीवर बोट ठेवून खूण करायची. ‘सेसेन्ता’ म्हणजे साठ आणि ‘सेतेन्ता’ म्हणजे सत्तर. ही जोडी डोळ्यांना फसवते, म्हणून अक्षरी आकड्यावर विशेष थांबा.